तीन शिट्ट्यांची डाळ

घाटकोपरच्या धुरींच्या घरी रविवारी दुपारी तुरीची डाळ कच्ची राहिली. त्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय बोलतात हे कुणालाच माहीत नव्हतं. नलिनीबाईंनी वरणभाताचा पहिला घास घेतला, तो बराच वेळ चावला आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा, म्हणजे देवव्रत, ओट्यामागच्या टाइलवर चिकटवलेल्या पांढऱ्या डबीकडे बघत होता. डबी गप्प होती. तिच्या मते तिचं काम चोख झालेलं होतं.

ही डबी देवव्रतनेच बनवली होती. ती कुकरच्या शिट्ट्या मोजायची. जेवढ्या शिट्ट्या हव्यात तेवढ्या वेळा तिच्यावरचं बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. तेवढ्या शिट्ट्या झाल्या की ती पीं पीं करून घर डोक्यावर घ्यायची. गॅस बंद करायला मात्र माणूसच लागे. ते पुढच्या मॉडेलमध्ये करू, असं देवव्रतचा मालक धवल म्हणायचा.

"आई, बटण तीन वेळा दाबलंस ना?"

"तीनच दाबलं. डाळीला तीन. लग्न होऊन आले तेव्हापासून तीन."

"तीनच असतत," गॅलरीतून भाऊंचा आवाज आला. भाऊ म्हणजे देवव्रतचे वडील. "इतकी वर्षां मी काय झोपा काढलंय?"

नलिनीबाईंनी ताटातलं वरण कुकरमध्ये परत ओतलं आणि ताकभात वाढला.

देवव्रतचं पोट ज्या धंद्यावर चालायचं तो लोकांना समजावून सांगणं अवघड होतं. तो छोट्या चिपांसाठी प्रोग्रॅम लिहायचा आणि लिहून झाल्यावर ते आवळायचा. लिहिण्यापेक्षा आवळण्यात त्याचा हातखंडा होता. डबीतली चिप बाजारातली सगळ्यांत स्वस्त होती. तिच्या मेमरीत मोबाईलवर सकाळी येणाऱ्या सुप्रभाताच्या गुलाबाची एक पाकळीसुद्धा मावली नसती. वर घड्याळात असतो तसला चपटा सेल, आणि तो वर्षभर पुरला पाहिजे अशी अट. तेव्हा एकही ओळ जास्तीची नको आणि चिप एक क्षणही विनाकारण जागी नको, हा देवव्रतचा धर्म होता. तो त्याने घरातही आणला होता. 'चहा झाला का' आणि 'चहा घेणार का' हे दोन वेगळे प्रश्न कशाला, असं त्याने एकदा क्षमाला, म्हणजे बायकोला, विचारलं होतं. त्यानंतर त्याचा चहा तोच करत असे.

घरातली त्याची सर्वांत मोठी बचत म्हणजे भाऊ. डबी येईपर्यंत शिट्ट्या मोजणं हे भाऊंचं काम होतं. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची वेताची खुर्ची असायची. नलिनीबाई कुकर चढवून म्हणायच्या, "अहो, तीन झाल्या की सांगा," आणि पदर खोचून कपडे वाळत घालायला जायच्या. भाऊ सांगायचे. घरातलं दुसरं कुठलंच काम त्यांना कुणी सांगत नसे, आणि हे मात्र दुसऱ्या कुणाला सांगत नसत. त्या रविवारी सकाळी डबी टाइलवर चिकटली तेव्हा खुर्ची अडचणीची झाली. देवव्रतनेच ती उचलून गॅलरीत ठेवली. भाऊ खुर्चीमागोमाग गेले.

"माका काय," ते म्हणाले, "हय वारो बरो येता."

वारा मुळीच येत नव्हता. समोर सहा मजली पार्किंगचं बांधकाम चाललं होतं.

एरवी एक दिवस डाळ कच्ची राहिली तर आभाळ कोसळत नाही. पण येत्या शनिवारी चंद्रप्रकाशजी जेवायला येणार होते. ते कुकर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे खरेदीप्रमुख. प्रत्येक नव्या कुकरबरोबर एक डबी द्यायची असा त्यांचा विचार होता. फक्त ऑफिसातलं प्रात्यक्षिक त्यांना नको होतं. "घरच्या ओट्यावर दाखवा. मी जेवून ठरवीन," असं ते म्हणाले होते. ऑर्डर मिळाली तर धवलचा साकीनाक्याचा गाळा चालू राहणार होता. नाही मिळाली, तर धवल गाळा सोडून मामाच्या नळ-तोट्यांच्या दुकानात बसणार होता. देवव्रतला तसा मामा नव्हता.

सोमवारी सकाळी देवव्रत गाळ्यावर पोचला तेव्हा खालच्या मजल्यावर पत्रे ठोकायला सुरुवात झाली होती. सई आधीच आलेली होती. यंत्रं तपासणं आणि देवव्रतच्या चुका काढणं ही दोन कामं ती करायची, आणि ती दोन आहेत असं तिला वाटत नसे.

"डाळ कच्ची राहिली," देवव्रत म्हणाला.

"म्हणजे जास्त मोजतेय ती. काटछाट फुल ठेवलीस का?"

"फुलच ठेवणार ना. मावत नव्हतं."

"मग बघ आत काय उरलंय ते."

आत बघितलं तर सगळं लख्ख दिसलं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा भाषेत उतरवून देणारा एक कारकून असतो, त्याला कंपायलर म्हणतात. उतरवताना काटछाट कर असं सांगितलं तर तो मन लावून करतो. देवव्रतने लिहिलं होतं की एक शिट्टी ऐकली की थोडा वेळ नुसतं थांबायचं, म्हणजे लांबलचक शिट्टी दोनदा-तीनदा मोजली जाणार नाही. हे थांबणं म्हणजे मनातल्या मनात आकडे म्हणत बसणं, बाकी काही नाही. कंपायलरने पाहिलं, इथे कुणीतरी काहीही न करता बसलेलं आहे, याच्यामुळे कुणाचं काही अडत नाही. त्याने ती ओळ काढून टाकली. आता डबी एकाच शिट्टीच्या तीन शिट्ट्या करत होती.

"त्या ओळीला हात लावू नको असं सांगायचा शब्द असतो की," सई म्हणाली. "तो नाही लिहिलास?"

"लिहिला होता. मग काढला."

"का?"

"काढल्यावर प्रोग्रॅम छोटा झाला."

"होणारच ना रे. अख्खी ओळच गेली."

देवव्रतने शब्द परत घातला आणि संध्याकाळी डबी घरी नेऊन लावली. या वेळी तो स्वतः कान देऊन कुकरसमोर उभा राहिला. तीन शिट्ट्या झाल्या, डबीनेही तीनच मोजल्या आणि पीं पीं केलं. कुकर उघडला. डाळ कच्चीच होती. कालपेक्षा बरी होती एवढंच.

"मग पाच वेळा दाबूया ना बटण," क्षमा म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला यात काही अवघड दिसत नव्हतं.

"काही नको," नलिनीबाई एकदम म्हणाल्या. त्यांनी गॅलरीकडे एक नजर टाकली. "डाळीला तीनच."

"किती सांगितलंस गो मशीनाक?" गॅलरीतून विचारणा झाली.

"तीनच हो, तीनच."

आईच्या हाताखाली उभा जन्म तीन शिट्ट्यांत डाळ शिजली आणि आता शिजत नाही, तर दोष दुसऱ्या कशाचा तरी असणार. देवव्रतने पद्धतशीर तपास हाती घेतला. मंगळवारी कुकरची रिंग बदलली. डाळ कच्ची. बुधवारी वाण्याकडून दुसरी डाळ आणली. ती कच्ची राहिली आणि महागही पडली. मग डाळ गरम पाण्यात भिजत घातली, गॅसचा बर्नर सुईने साफ केला, शिट्टी चिंचेने घासली. नलिनीबाई सांगेल ते सगळं मुकाट्याने करत होत्या. एक बटण तीनऐवजी चारदा दाबायला मात्र तयार नव्हत्या. इतकी समजूतदार बाई एवढ्याशा गोष्टीवर का अडून बसली आहे, हे क्षमाला कळेना. देवव्रतला ते अडून बसणं वाटलंच नाही. दिलेला आकडा बदलायचा नसतो असं त्याला वाटायचं.

गुरुवारी डबी मेली. सेल उतरला होता. आकडे म्हणत बसायचं तर चिपला जागं राहावं लागत होतं, आणि ती जागी राहिली की सेल खात होती.

"देवभाई," धवल म्हणाला, "बॉक्स छापून आलेत. बॉक्सवर काय लिहिलंय? एक वरस चालेल. किती चालली?"

"तीन-चार दिवस."

"मग मी काय करू, बॉक्सवर चिठ्ठी लावू?" धवल शांतपणे बोलायचा. तो ओरडला असता तर देवव्रतला बरं वाटलं असतं. "परवा शनिवार आहे. मामाचा फोन आलेला काल. म्हणाला, तुझी खुर्ची पुसून ठेवलीय."

खुर्ची म्हटल्यावर देवव्रतला उगीचच गॅलरी आठवली. पण त्याच वेळी त्याला उपायही सुचला, म्हणून तो गॅलरी विसरला. शिट्टीनंतर थांबायचंच आहे ना, मग जागं राहून कशाला थांबायचं? चिपने तेवढा वेळ सरळ झोपावं. झोपेत ती जवळजवळ काहीच खात नाही. अडचण एवढीच होती की स्वस्त चिपच्या गजरात दोनच मापं होती. एक अगदी छोटी डुलकी, तेवढ्यात शिट्टीसुद्धा संपत नसे. दुसरी चांगली वामकुक्षी. देवव्रतने वामकुक्षी निवडली.

गाळ्यावरच्या विजेच्या शेगडीवर कुकर लावून पाहिला. त्या शेगडीचा जीव चहापुरता. शिट्टी व्हायची, मग बराच वेळ काही व्हायचं नाही, मग दुसरी व्हायची. तेवढ्यात चिप झोपून, उठून ताजीतवानी झालेली असे. एकही शिट्टी चुकली नाही. नवा सेल टाकला. हिशेबाप्रमाणे तो वर्ष ओलांडून जात होता. सईलाही चूक सापडली नाही, आणि त्यामुळे ती दिवसभर अस्वस्थ होती.

शुक्रवारी संध्याकाळी घरी डाळ लावली. क्षमा हॉलमध्ये पेपर तपासत होती. देवव्रत या वेळी मोजत उभा राहिला नाही, कारण त्याला भीती वाटत होती. तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला. बाहेर आला तेव्हा पीं पीं वाजून गेलं होतं आणि नलिनीबाई पळीने डाळ घोटत होत्या. मऊ, एकजीव, पिवळीधमक डाळ. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"तीनच दाबलंस?"

"तीनच," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनाही आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

शनिवारी चंद्रप्रकाशजी आले. गोरेगावला राहून त्यांना तीस वर्षं झाली होती आणि ते मराठी जपून पण बरोबर बोलायचे. त्यांनी ओटा पाहिला, डबी पाहिली, आणि नलिनीबाईंना नमस्कार करून थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. धवल त्यांच्यामागे. सई त्याच्यामागे. गॅलरीत भाऊ पाठमोरे बसले होते. पाहुण्यांशी बोलून त्यांनी पुन्हा बांधकामाकडे तोंड केलं होतं. नलिनीबाईंनी कुकर चढवला आणि सगळ्यांसमोर बटण तीन वेळा दाबलं.

देवव्रतने डबीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तो छताकडे बघत होता. कुकर शिट्ट्या देत राहिला. धवल पाहुण्यांना बॉक्सवरची छपाई दाखवत होता. अखेर पीं पीं झालं आणि नलिनीबाईंनी गॅस बंद केला. सईने एकदम आपल्या हाताकडे पाहिलं. ती बोटांवर मोजत होती आणि तिची सगळी बोटं उघडी होती. तिने मूठ मिटली आणि हात पाठीमागे नेला.

जेवण झकास झालं. बांगड्याचं तिखलं पाहुणे खात नव्हते म्हणून त्या दिवशी केलंच नव्हतं. वांग्याची भाजी, वरणभात, सोलकढी. चंद्रप्रकाशजींनी वरण तिसऱ्यांदा मागून घेतलं.

"डाळ बरोबर आहे," ते म्हणाले. धवलने घास तोंडातच ठेवला. "एक डबी मला द्या. आज-उद्या आमच्या घरी लावतो. तिथेही अशीच झाली तर सोमवारी ऑर्डर."

पाहुणे डबी खिशात टाकून गेले. सईने देवव्रतला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"पाच झाल्या."

"काय पाच?"

"शिट्ट्या. पहिली तिने मोजली, दुसरीला ती झोपलेली. तिसरी मोजली, चौथीला झोपली. गाळ्यावरची शेगडी मंद आहे रे, इथे गॅसवर धडाधड होतात. ती एकाआड एक मोजतेय. त्यांच्या घरी डाळीची पेज होणार. वाट लागली आपली."

देवव्रत ओट्याला टेकला. वाट लागली होतीच, पण त्याहून एक गोष्ट त्याला सुटत नव्हती. "मग आईची डाळ कशी बरोबर झाली? आईला तर तीन लागतात."

नलिनीबाई ताटं पुसत होत्या. त्यांनी आधी गॅलरीचं दार लोटलं, मग आवाज खाली केला.

"पाच लागतात," त्या म्हणाल्या. "आधीपासून पाचच लागतात."

"अगं, मग आठवडाभर तीन तीन काय लावलं होतंस?"

"विक्रोळीच्या कारखान्यात रात्रपाळी होती त्यांना. सकाळी येऊन शेगडीपाशी बसायचे. म्हणायचे, तू पाणी भरून ये, मी मोजतो. एक मोजायचे की डोळा लागायचा. पुढच्या शिट्टीला जाग यायची, तेवढ्यात ती निघून गेलेली. मग त्याच्या पुढची मोजायचे. पाच सांगितल्या तर डाळ करपायची. मग मी तीन सांगायला लागले." त्यांनी ताट फडताळात ठेवलं. "रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला काय सांगू, तुम्ही झोपलात म्हणून? रात्रपाळी सुटली, सवय नाही सुटली. आता तुझ्या डबीला पाच म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं ना. ते रोज विचारतात, किती सांगितलंस म्हणून."

"म्हणजे माझी नोकरी गेली असती तरी चाललं असतं?"

"नोकरी दुसरी मिळते," नलिनीबाई म्हणाल्या.

सई सोलकढीचा उरलेला पेला प्यायली. देवव्रतने चंद्रप्रकाशजींना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. रविवारीही उचलला नाही. डाळीची पेज खाल्लेला माणूस फोन उचलत नाही, हे उघडच होतं.

सोमवारी गाळ्यावर तिघे टेबलाभोवती बसून होते. धवलला सगळं सांगून झालं होतं. तो रागावला नाही. त्याने नळ-तोट्यांच्या दुकानाची वेळ मोबाईलवर बघितली. तेवढ्यात चंद्रप्रकाशजींचाच फोन आला. धवलने स्पीकर चालू केला.

"डबी लावली," चंद्रप्रकाशजी म्हणाले. "रविवारी डाळ केली. पत्नी म्हणाली, तीन शिट्ट्या. तीन वेळा बटण दाबलं."

"सर, त्याबाबत एक..." देवव्रत म्हणाला.

"ऐका. डाळ अगदी रोजच्यासारखी झाली. तसूभर फरक नाही. आमच्याकडे शिट्ट्या मीच मोजतो, इतकी वर्षं. सुट्टीच्या दिवशी पेपर घेऊन तिथेच बसतो. मला वाटलं होतं मशीन माझ्याइतकं अचूक मोजणार नाही. पण मोजलं. शेजारी दोघांकडे लावून पाहिलं, ते रिटायर्ड आहेत, ते पण स्वतःच मोजतात. त्यांच्याकडेही बरोबर. ऑर्डर पाठवतोय. एकच अट. यात आता एक अक्षरसुद्धा बदलायचं नाही."

फोन बंद झाला. खाली पत्र्यावर हातोडे पडत होते.

"माझ्याकडे राजम्याचा चिखल झाला," सई म्हणाली. तिनेही रविवारी एक डबी घरी नेली होती. "मी एकटी राहते. माझ्याकडे झोपणारं कोणी नाही."

"मग तू दोन कमी दाब," धवल म्हणाला, आणि त्याने मामाला फोन लावून खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितलं.

त्या संध्याकाळी देवव्रत घरी आला आणि हातपाय न धुताच त्याने टाइलवरची डबी उपटली. टाइलचा थोडा रंगही गेला. मग तो गॅलरीत गेला.

"भाऊ, ही डबी कंपनीने परत मागवलीय. थोडे दिवस तुम्हालाच मोजावं लागेल."

भाऊंनी बांधकामावरची नजर काढली नाही. "किती दिवस?"

"ते काही सांगितलं नाही त्यांनी."

भाऊ उठले. देवव्रत खुर्ची उचलायला पुढे झाला तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि ती स्वतः उचलून दारात, जुन्या जागी आणून ठेवली. नलिनीबाईंनी कुकर चढवला.

"अहो, तीन झाल्या की सांगा."

पहिली शिट्टी झाली. "एक," भाऊ म्हणाले आणि त्यांची मान हळूच छातीवर आली. दुसरी शिट्टी झाली, चांगली दणदणीत. देवव्रतने ती ऐकली. हॉलमध्ये क्षमाने ऐकली. नलिनीबाई कोथिंबीर चिरत होत्या, त्यांची सुरी थांबली नाही. देवव्रतने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने मोडक्या पायाचं स्टूल ओढलं आणि वडिलांशेजारी काहीही न करता बसून राहिला.

पाचव्या शिट्टीला भाऊंनी डोळे उघडले.

"तीन झाल्यो गो."

नलिनीबाईंनी गॅस बंद केला. भाऊंनी टाइलवरच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"मशीनाक सेल लागता," ते म्हणाले. "माका काय लागणा नाय."